पंधराशेच्या खाली

"आज तरी पास करा मला, दादा," रेहेमाबाई म्हणाल्या. उजवा हात टेबलावर ठेवून त्यांनी बाही स्वतःच कोपराच्या वर सरकवली.

दादा म्हणजे मी. हेमलता फडतरे, पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलच्या लॅबमधली सीनियर टेक्निशियन, तेव्हा वय बावन्न. त्यांच्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. हा उलगडा व्हायला आम्हाला दोन सोमवार लागले. तोवर लॅबमध्ये एकच कुजबुज, की ही बाई सख्ख्या भावाला काका म्हणते आणि फडतरे मॅडमना दादा, हिचं डोकं ठीक आहे ना?

डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा ठीक होतं. टांझानियात मोरोगोरो म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. विषय गणित. बोलणं इंग्रजीतून चालायचं, त्यांचं स्वच्छ, माझं मोडकं. अडलं की हातवारे.

"पेपर तुम्ही लिहायचा, मी फक्त तपासणार," मी पट्टा बांधत म्हटलं.

"पाचवा पेपर आहे. आमच्या शाळेत पाचव्यांदा बसणाऱ्याला मी घरी पाठवते."

"आम्हाला नका घरी पाठवू," मागून त्यांचे भाऊ सलूम म्हणाले. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस, बहिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि बहिणीच्या पर्सचा बंद मुठीत घट्ट धरून उभा. पाच सोमवार तो तसाच उभा होता. रोज पहाटे पर्वती धावत चढून यायचा, पण सुई दिसली की भिंतीकडे बघायचा.

रेहेमाबाईंच्या डाव्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं होतं, म्हणून रक्त कायम उजव्या हातातून. ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात केमोचा पहिला डोस द्यायचा, तर तिथेच गाडं अडलं. डोस द्यायच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारे शिपाई, निदान पंधराशे हव्यात. औषध कॅन्सरला मारतं तसं शिपायांनाही मारतं. मुळातच कमी असले तर साधा ताप माणसाला घेऊन जातो. कॅन्सरचे डॉक्टर रणदिवे यांचा नियम पक्का होता. पंधराशेच्या खाली डोस नाही.

आणि रेहेमाबाईंचे शिपाई भरतच नव्हते. पहिल्या सोमवारी तेराशे दहा. मग बाराशे चाळीस. मग अकराशे नव्वद, मग बाराशे सत्तर.

मला माणसांची मनातल्या मनात नोंद ठेवायची खोड आहे. कोण किती बोलला, त्यातलं किती केलं. त्या पाच आठवड्यांत या बाईला कोणी काय सांगितलं याची माझ्याकडे यादीच होती. लॉजच्या मालकाने पपईच्या पानांचा रस सांगितला. वॉर्डातल्या सिस्टरने बीट. एक्स-रेच्या खिडकीवरच्या गोडसेंनी गुळवेल. रोज दोन उकडलेली अंडी कोणी सांगितली ते आता नाव घेत नाही, कारण ती मीच. बाईंनी सगळ्यांचं सगळं खाल्लं.

"कशाने काय होईल त्याचा हिशेब कसा लावणार मग?" मी एकदा विचारलं होतं.

"हिशेब नाही. कोणाला वाईट वाटायला नको."

त्या पाचव्या सोमवारी मात्र चेष्टेत धार नव्हती. त्याच्या आदल्या शुक्रवारी रणदिव्यांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन झालं तरी शरीरात कुठे कण राहिला असेल तर तो मारायला हे औषध. जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी. येत्या गुरुवारी कमरेच्या हाडात सुई घालून हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, तपासायचा. रक्त तयार करणारा कारखानाच बिघडलेला निघाला, तर हे औषध विसरायचं आणि घरी जायचं.

"घरी," रेहेमाबाई मला सांगताना म्हणाल्या होत्या, "हा शब्द इतका वाईट ऐकू येईल असं वाटलं नव्हतं."

मी नळी मशीनला लावली. आकडा आला. बाराशे तीस.

मी पुन्हा लावली. बाराशे तीस.

काचेतून ते दोघं दिसत होते. बाई पिशवीतून वही काढून काहीतरी तपासत बसल्या होत्या, बहुधा शाळेतून आलेलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. माझा चेहरा वाचायला तो पाच आठवड्यांत शिकला होता.

आमच्या लॅबची एक जुनी रीत आहे, कुठल्या पुस्तकात नाही. मशीनवर शंका आली की टेक्निशियनने स्वतःचं रक्त लावायचं. आपलं रक्त आपल्याला पाठ असतं. मी बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि आमच्या ज्युनियर वैशालीला म्हटलं, "काढ माझं."

"काय झालं?" सलूमभाईंनी विचारलं.

"मशीनची परीक्षा घेतेय."

माझे शिपाई चार हजार तीनशे. नेहमीसारखेच. मशीन शहाणं होतं.

"म्हणजे मशीन बरोबर, ती चूक," सलूमभाई म्हणाले. मग एकदम शर्टाची बाही वर ओढून माझ्या खुर्चीशेजारी धपकन बसले. "माझं काढा. माझे शिपाई तिला द्या. मला इतके नकोत."

"असे देता येत नाहीत हो."

"मग नुसते मोजा. मी आयुष्यात एक दिवस आजारी पडलो नाही. तुमच्या मशीनला जरा चांगलं रक्त बघू दे."

"काका, तुला सुई दिसली तर तू पडशील," रेहेमाबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

"मी भिंतीकडे बघेन."

नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणाचं रक्त घ्यायचं नसतं. पण त्या खुर्चीतून त्या माणसाला उठवायला चार वॉर्डबॉय लागले असते. मी वैशालीला मान डोलावली. मला आपली गंमत वाटत होती. मनात म्हटलं, आठ हजार निघतील.

निघाले अकराशे चाळीस.

वैशालीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पुन्हा लावलं, तेच. मग मी काच घेतली, रक्ताचा थेंब पसरून रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी मोजलं. पेशी सुबक, निरोगी, एकही आजारी चेहऱ्याची नाही. फक्त थोड्या.

आता एक तर दोघं बहीणभाऊ एकाच रोगाने आजारी होते, आणि त्यातला एक रोज पर्वती धावत चढत होता. नाही तर आमचं माप चुकत होतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं, "तुमचे तुमच्या बहिणीहून कमी आहेत."

सलूमभाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मलाही झालंय?"

"गप्प बस," रेहेमाबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली होती. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरीने अचानक हात वर केलाय. "दादा, तुमच्याकडे आमच्यासारखे आणखी कोणी येतात?"

येतात. पुण्यात कॉलेजांना आफ्रिकेतून शेकड्यांनी मुलं येतात आणि दर जुलैत त्यांचे आरोग्य दाखले आमच्याच लॅबमधून जातात. कॉम्प्युटर आला तरी मी हाताने रजिस्टर ठेवायचं सोडलं नव्हतं, त्यावरून तरुण मंडळी माझी पुरेशी टिंगल करायची. फॉरेनच्या मुलांचा रकाना वेगळा, त्यात देशसुद्धा लिहिलेला.

त्या दुपारी मी डबा उघडला नाही. कपाटातून नऊ वर्षांची रजिस्टरं काढली आणि बसले. टांझानिया, युगांडा, कांगो, केनिया मिळून एक्केचाळीस मुलं. त्यातल्या एकोणतीस जणांच्या न्यूट्रोफिलपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'कमी, पुन्हा तपासावे.' पुन्हा तपासायला एकजण आला नव्हता. कसा येईल, तो फुटबॉल खेळत असणार. नऊ वर्षं मी तेच तीन शब्द लिहीत होते आणि एकदाही थांबून मागचं पान उलटलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका टिपण्यात आयुष्य गेलं, ही माझी माझ्याच हाताने टिपलेली.

रजिस्टर काखेत मारून मी रणदिव्यांच्या खोलीत गेले.

रणदिवे भला माणूस, पण बोलणं चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं. सगळं ऐकून घेतलं, पानं चाळली, चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे फडतरेबाई, आफ्रिकन लोकांचं कमीच असतं, असं धरून मी डोस द्यायचा?"

"तसंही नाही सर. हे बघा, इथिओपिया आणि सुदान. तेवीस मुलं. त्यात फक्त चार कमी, बाकीची आपल्यासारखीच."

"तीही आफ्रिकाच ना?"

"नकाशावर एकच दिसते हो. रजिस्टरात नाही दिसत."

ते थोडं हसले. मग हसू गेलं. "मी वाचलंय याबद्दल. काही लोकांच्यात जन्मतः कमी असतं, त्रास काही नसतो. पण ही बाई त्यातली आहे कशावरून? भावाचं कमी आहे म्हणून? समजा भावाचं जन्मतः कमी आणि हिचा मगज खरंच बिघडलेला. मी औषध दिलं, दहाव्या दिवशी ताप आला आणि ती गेली. तेव्हा तुमचं रजिस्टर येणार आहे का तिच्या शाळेला उत्तर द्यायला?"

मी रजिस्टर मिटलं.

"मोमीन मॅडमना विचारा," ते मागून म्हणाले. "रक्तगटाचं काहीतरी आहे त्यात. त्यांना माहीत असेल."

डॉक्टर शाहीन मोमीन आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख. आम्ही बरोबरीच्या, पंचवीस वर्षं एकमेकींचं लोणचं खाल्लेल्या. मी सांगत गेले आणि त्यांच्या भुवया चढत गेल्या.

"हेमलता, तू हे पाच आठवड्यांनी सांगतेस?"

"आता ओरडू नकोस. काही होतं का बघ."

"डफी," त्या फ्रीज उघडत म्हणाल्या. "ए, बी, ओ असतात ना, तसा हा आणखी एक रक्तगट. लाल पेशीवरची एक खूण. आपल्या इथे ती जवळजवळ सगळ्यांना असते. तिकडे मध्य, पूर्व, पश्चिम आफ्रिकेत पुष्कळांना नसतेच. एका जातीच्या मलेरियाचा जंतू हीच खूण धरून पेशीत शिरतो. खूण नाही तर दार नाही. ज्यांना नव्हती ते तगले, त्यांची पोरं वाढली."

"आणि शिपाई?"

"ज्यांना ही खूण नसते त्यांच्या रक्तात ते कमी फिरताना दिसतात. का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. पण कारखाना चालू असतो, गरज पडली की पोचतात. रस्त्यावर पोलीस दिसला नाही म्हणून चौकी ओस पडलीय असं नसतं ना."

"मग इथिओपियाची मुलं वेगळी का?"

"अगं, माणूस मुळात तिथलाच. सगळ्यात जास्त काळ तिथेच राहिला, तिथेच वेगवेगळा होत गेला. बाहेर पडले ते मूठभर, तू नि मी त्या मूठभरांच्या. तिथल्या शेजारशेजारच्या दोन जमातींत सापडतो तेवढा फरक कधीकधी तुझ्यात आणि एखाद्या युरोपातल्या बाईतही सापडणार नाही. आणि आपण सगळ्यांना एका शब्दात बसवतो." त्यांनी दोन छोट्या बाटल्या उजेडात धरून तारीख वाचली. "चालू आहेत. बोलाव तुझ्या मास्तरीणबाईंना. त्यांच्या पेशींवर आहे, त्यांनी बघावं."

मंगळवारी सकाळी रक्तपेढीत आम्ही पाच जण. रणदिवे दाराशी, हाताची घडी घालून. चाचणी दिसायला अगदी साधी. लाल पेशींत बाटलीतलं औषध घालायचं, कोमट ठेवायचं, धुवायचं, दुसरं औषध घालून फिरवायचं, मग नळी हळू हलवून बघायची. खूण असेल तर पेशी गुठळी करून बसतात. नसेल तर सैल होऊन वाहतात. खुणेचे प्रकार दोन, म्हणून नळ्या दोन.

"आधी माझी लावा," मी म्हटलं. रीत ती रीत.

माझी पहिली नळी मोमीनबाईंनी हलवली. तळाशी लाल खडा, हलवला तरी फुटेना.

"हे असं दिसलं म्हणजे खूण आहे," त्यांनी रेहेमाबाईंना सांगितलं. "आता तुमची."

पहिली नळी. त्यांनी हलवली. लाल ढग उठला आणि पाण्यात विरला. गुठळी नाही.

"एक अजून आहे," रणदिवे म्हणाले.

सलूमभाई भिंतीकडे बघत होते. सुई कुठेच नव्हती तरी.

दुसरी नळी. मोमीनबाईंनी ती इतकी सावकाश हलवली की मला राग आला. तळाचा ठिपका सुटला, धूर उठावा तसा वर आला आणि सगळीकडे सारखा पसरला. त्यांनी नळी दिव्याकडे धरली, मायक्रोस्कोपखाली थेंब घेतला, दोनदा बघितलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे?" सलूमभाई भिंतीलाच विचारत होते.

"म्हणजे खूण नाही. दोन्ही नाहीत. यांचे शिपाई जन्मापासून एवढेच असणार."

तीस वर्षं मी या नळ्यांत काहीतरी होण्याची वाट बघत आले, काही न झाल्याचा असा आनंद कधी झाला नव्हता. रेहेमाबाईंनी विचारलं, "मी पास झाले का?"

"तुमचा पेपरच चुकीचा काढला होता," मी म्हटलं.

रणदिव्यांनी खुर्ची ओढली. "पंधराशे हे पुस्तकातलं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ज्यांच्यावर औषध तपासलं, त्या लोकांचं. पण फडतरेबाई, आपल्या रिपोर्टावर छापलेलं नॉर्मल, दोन हजार ते सात हजार, ते कुठून आलं? त्याच्यावरूनच तर मला मगजाची शंका आली."

ते कुठून आलं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. क्षणभर वाटलं, नाही सांगितलं तर काय बिघडलं.

"सर, ब्याण्णव साली आपल्या जुन्या प्रमुखांनी ते ठरवलं. दुसऱ्याचं माप उसनं घ्यायचं नाही, आपलं आपण काढायचं, असं त्यांचं म्हणणं. मग एकशेवीस निरोगी माणसं जमवली."

"कोणती?"

"नर्सेस, वॉर्डबॉय, ऑफिसातले कारकून, कँटीनची माणसं. लॅबमधले आम्ही सगळे. बहुतेक पुण्याची, थोडी साताऱ्याकडची. तेविसावी मी."

मोमीनबाई आधी हसल्या. मग रणदिवे. रेहेमाबाईंना मी इंग्रजीत समजावलं, तशा त्याही हसायला लागल्या आणि ऑपरेशनची बाजू धरून म्हणाल्या, "हसवू नका, दुखतं." मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे पाच आठवडे मी तुमच्या कँटीनवाल्यासारखी व्हायचा प्रयत्न करत होते?"

"आणि पपईची पानं खाऊन," सलूमभाई म्हणाले. ते आता आमच्याकडे तोंड करून उभे होते.

"मग माझं नॉर्मल काय?" बाईंनी विचारलं.

रणदिवे माझ्याकडे बघायला लागले. मी कागद पुढे केला. त्यावर पाच सोमवारचे पाच आकडे. औषधाचा थेंब पोटात जायच्या आधीचे, म्हणजे निखळ त्यांचे. पाचही आकड्यांना आम्ही नापास केलं होतं. बाईंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, बेरीज मांडली, पाचाने भागलं, खाली दोन रेघा ओढल्या. बाराशे अठ्ठेचाळीस.

"हे," त्या म्हणाल्या.

रणदिव्यांनी तो कागद फाइलला लावला. खाली लिहिलं, हिच्यासाठी हजाराच्या वर असेल तर डोस द्यावा. सही केली. गुरुवारची हाडातली सुई रद्द झाली आणि गुरुवारीच पहिला डोस लागला.

इथे मी सुटले असं वाटेल. नाही सुटले. चाचणी खूण सांगते, पुढचं सांगत नाही. औषध गेलं की दहाव्या दिवशी शिपाई सगळ्यांचेच कमी होतात. ज्याच्याकडे चार हजार आहेत त्याचंही घर रिकामं होतं. हिच्याकडे बाराशे. डोस द्यावा म्हणून रजिस्टर काखेत मारून कोण गेलं होतं? मी रोज सकाळी लॉजवर फोन करायची.

"ताप?"

"साडेअठ्ठ्याण्णव," सलूमभाई सांगायचे. "आजही. तिला थर्मामीटरचा कंटाळा आलाय."

"कंटाळा येऊ दे. लावा."

दहाव्या दिवशी आकडा चारशे दहा. मी रणदिव्यांना फोन केला तेव्हा माझा आवाज मला ओळखू येईना. ते म्हणाले, "इतरांचेही एवढेच होतात हो. ताप नाही ना? मग थांबा." मी थांबले. कधी नव्हे ते देवाला दोन वेळा दिवा लावला आणि यजमानांनी विचारलं तर वीज जाईल म्हणून, असं काहीतरी सांगितलं. बाराव्या दिवशी ताप नाही. चौदाव्या दिवशी ताप नाही. पंधराव्या दिवशी फोनवर रेहेमाबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, की डोक्यावरचे केस गेले, बाकी सगळं जागेवर आहे, आणि दादा, आता एक दिवसाआड फोन केला तरी चालेल.

एकविसाव्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे हात ठेवला. दोघींनीही चेष्टा केली नाही. मी नळी लावली आणि मशीनकडे पाठ करून उभी राहिले. वैशालीने वाचलं.

"बाराशे दहा."

दीड महिन्यापूर्वी अशाच आकड्यावर मी मान हलवून 'पुढच्या सोमवारी या' म्हटलं होतं. आता मी तो रिपोर्ट वॉर्डबॉयकडे न देता स्वतः घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले, तेही जिन्याने, कारण लिफ्टची वाट बघवेना. शिपाई औषधातूनही परत आले होते, जितके होते तितके.

वॉर्डात नवीन सिस्टर होती. तिने रिपोर्ट वाचला, बाटली हातातच धरली आणि रणदिव्यांना म्हणाली, "सर, पंधराशेच्या खाली आहे हो."

"दिसतंय मला," रणदिवे म्हणाले. "छान आहे. लावा."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. बाटली टांगली गेली. रेहेमाबाई आधीच उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर वही उघडून. सलूमभाईंनी खिडकीकडे तोंड केलं. मला तिथे काही काम नव्हतं. पहिले दहा-बारा थेंब पडेपर्यंत उभी राहिले आणि मग खाली गेले. खाली रांग लागली होती.